काहीच न घडणारे संगीत

काही महिन्यांपूर्वी पुण्यात शिक्षकांच्या एका छोट्या बैठकीला आम्ही गेलो होतो. विषय होता, वर्गात करता येणारे ध्वनीचे प्रयोग. चहाच्या वेळी अकरावीला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांनी तक्रार मांडली. त्यांचे विद्यार्थी कानात इयरफोन घालून गणिते सोडवत बसतात. "गाणी ऐकत असते तर मी समजू शकलो असतो," सर म्हणाले, "पण ह्यात ना शब्द, ना चाल, ना ताल. अर्धा अर्धा तास नुसतं घूं घूं चालू असतं. विचारलं तर म्हणतात, सर, हे अँबियंट आहे, चिलआउट आहे." एका मुलाकडून घेतलेला तुकडा त्यांनी मोबाइलवर लावून दाखवला. आम्ही सारे ऐकत राहिलो. दोन-तीन मिनिटांनी, लहानपणी गाणे शिकलेल्या एक बाई म्हणाल्या, "अहो, मैफल सुरू व्हायच्या आधी तंबोरे जुळवून ठेवतात ना, तसं वाटतंय हे. फक्त गायक आलाच नाही."

सगळे हसले. पण बाईंचे वाक्य काही आमच्या डोक्यातून जाईना. हे साम्य वरवरचे आहे, की ह्या दोन गोष्टींचा खरोखरच काही संबंध आहे? शोध घेऊ लागलो तेव्हा दोन्ही गोष्टी सापडल्या. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने साम्य आहे आणि इतिहासाच्या दृष्टीने एक प्रत्यक्ष धागाही आहे. तो धागा मिरज-पुण्याजवळून जातो. साम्य असले म्हणजे संबंध असतोच असे नाही, हे आपण मुलांना नेहमी सांगतो. म्हणून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठेवून पाहू.

एक अपघात, एक विमानतळ

'अँबियंट' म्हणजे भोवतालचा, आसमंतातला. संगीताच्या एका प्रकाराला हे नाव दिले ते इंग्रज संगीतकार ब्रायन इनो ह्याने. १९७५च्या जानेवारीत लंडनमध्ये त्याला एका टॅक्सीने धडक दिली आणि तो अंथरुणाला खिळला. भेटायला आलेल्या मैत्रिणीने अठराव्या शतकातील हार्प-संगीताची एक तबकडी आणून दिली होती. ती गेल्यावर त्याने कशीबशी ती लावली आणि परत येऊन पडला. मग लक्षात आले की आवाज फारच लहान ठेवला गेला आहे आणि दोनपैकी एक कर्णा बंद आहे. पुन्हा उठण्याचे त्राण नव्हते. बाहेर पाऊस पडत होता. हार्पचे मोजके मोठे स्वर तेवढे पावसाच्या आवाजातून वर येत होते. संगीत असेही ऐकता येते, खोलीतल्या उजेडासारखे आणि पावसासारखे, ही गोष्ट तेव्हा आपल्या ध्यानात आली, असे इनोने लिहून ठेवले आहे.

त्याच वर्षी त्याने 'डिस्क्रीट म्युझिक' ही तबकडी काढली. तिच्या पहिल्या बाजूवर सुमारे अर्ध्या तासाची एकच रचना आहे. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम मावेल एवढी ही लांबी. सिंथेसायझरवरच्या दोन छोट्या स्वरावली एका टेपरेकॉर्डरवर मुद्रित होतात. तीच फीत पुढे दुसऱ्या टेपरेकॉर्डरमधून जाते आणि काही सेकंदांनी वाजते. हा आवाज पुन्हा पहिल्या यंत्राकडे पाठवला जातो. अशा रीतीने जुना आवाज विरत असतानाच त्यावर नवा थर चढत जातो.

१९७८ साली 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' आले आणि त्यावर 'अँबियंट १' असे छापलेले होते. कोलोनच्या विमानतळावर ताटकळत बसलेले असताना, इथे कोणते संगीत शोभेल, असा प्रश्न इनोला पडला होता. लक्ष देऊन ऐकले तर त्यात काही सापडावे आणि लक्ष नाही दिले तर ते आड येऊ नये, अशी त्याची अपेक्षा होती. पुढे न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाच्या एका इमारतीत ते काही काळ प्रत्यक्ष वाजवलेही गेले. ही कल्पना अगदीच नवी नव्हती. एरिक साती ह्या फ्रेंच संगीतकाराने १९१७ साली 'मेज-खुर्च्यांसारखे संगीत' सुचवले होते. पण त्याच्या हाती टेपरेकॉर्डर नव्हता.

लसाविचे संगीत

'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'मधील एक रचना गणिताच्या शिक्षकांना आवडेल. स्त्रियांच्या आवाजात गायलेला एकेकच लांब स्वर फितीवर घ्यायचा. फितीची दोन टोके जोडून तिचे वेटोळे करायचे, म्हणजे तो स्वर ठराविक काळाने पुन्हा पुन्हा वाजत राहील. अशी निरनिराळ्या लांबीची वेटोळी एकाच वेळी सुरू करून द्यायची. १९९६ साली एका भाषणात इनोने त्यांतल्या तिघांच्या आवर्तनाचे काळ सांगितले: साडेतेवीस सेकंद, २५ पूर्णांक ७/८ सेकंद आणि २९ पूर्णांक १५/१६ सेकंद.

ही तिन्ही वेटोळी एकाच क्षणी सुरू केली, तर सर्व स्वर पुन्हा एकाच क्षणी केव्हा सुरू होतील? तिन्ही काळांना १६ने गुणू. ३७६, ४१४ आणि ४७९ ह्या संख्या मिळतात. ३७६ म्हणजे ८ × ४७, ४१४ म्हणजे २ × ९ × २३ आणि ४७९ ही मूळ संख्याच आहे. लसावि येतो ३,७२,८१,५२८. त्याला १६ने भागले की २३,३०,०९५.५ सेकंद मिळतात. म्हणजे जवळजवळ २७ दिवस! अर्थात टेपरेकॉर्डरचा वेग इतका काटेकोर नसतो, त्यामुळे प्रत्यक्षात हे जुळणे घडणारही नाही. पण मुद्दा स्पष्ट होतो. तीन स्वर आणि तीन लांब्या एवढ्याच सामग्रीतून महिनाभर पुनरावृत्ती न होणारी रचना तयार होते. 'नुसते घूं घूं' ह्या वर्णनात ही गोष्ट सुटून जाते. घटक फार थोडे आहेत. त्यांच्या एकमेकांवर पडण्याच्या तऱ्हा मात्र संपत नाहीत.

तंबोऱ्याच्या पोटात

आता बाईंच्या तंबोऱ्याकडे वळू. तंबोऱ्याला बहुधा चार तारा असतात. एक पंचमाची, दोन मधल्या षड्जाच्या (ह्यांना जोड म्हणतात) आणि एक खर्जाची. राग पंचम वर्ज्य असलेला असेल तर पंचमाची तार मध्यमात लावतात. तारा फक्त मोकळ्या छेडायच्या. त्यावर गत नाही, ताल नाही. तबल्याशीही त्याचे काही देणेघेणे नाही. एक तार विरण्याच्या आत दुसरी वाजते. इनोची टेपयंत्रे जे करत होती, तेच इथे चार तारा आणि दोन बोटे करतात.

पण तंबोऱ्याची खरी करामत घोडीवर आहे. ही घोडी पसरट आणि किंचित बाकदार असते. तार तिच्या उतारावर टेकत टेकत कंप पावते. तार आणि घोडी ह्यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवून त्याची नेमकी जागा शोधली, की आवाज एकदम खुलतो. ह्यालाच जवारी लागणे म्हणतात.

चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. नोबेल पारितोषिक मिळण्याच्या नऊ वर्षे आधीची ही गोष्ट. तारेच्या कंपनांविषयी यंग आणि हेल्महोल्ट्झ ह्यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे. तार जेथे छेडावी, तेथे ज्या उपस्वराचा निस्पंद येत असेल, तो उपस्वर आवाजात उमटत नाही. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा हे उपस्वर गैरहजर असायला हवेत. रामन ह्यांनी दाखवून दिले की तंबोरा आणि वीणा ही वाद्ये हा नियम पाळत नाहीत. जो उपस्वर नसायला हवा, तोही ठसठशीत ऐकू येतो. कारण तारेचे टोक एका बिंदूवर पक्के बांधलेले नसते. बाकदार घोडीवर तार क्षणोक्षणी टेकते आणि सुटते, आणि त्यामुळे ऊर्जा एका उपस्वराकडून दुसऱ्याकडे जात राहते. छेडल्यानंतर एकेक उपस्वर क्रमाने उजळत आणि मावळत जातो.

हा परिणाम आकड्यांत पाहू. हिशेबाच्या सोयीसाठी खर्जाच्या तारेची वारंवारता ७० हर्ट्झ धरू. तिचे उपस्वर १४०, २१०, २८०, ३५० असे असतील. १४० म्हणजे मधला षड्ज, २१० म्हणजे त्याचा पंचम, २८० म्हणजे तार षड्ज. आणि ३५०? ३५० भागिले २८० म्हणजे ५/४, म्हणजेच शुद्ध गंधार. चार तारांपैकी एकही गंधारात लावलेली नाही, तरी चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो ऐकू आला की तंबोरा लागला असे समजायचे.

आणखी एक गंमत जोडाच्या तारांची. एक १४० हर्ट्झवर आणि दुसरी १४०.५ हर्ट्झवर असेल, तर दर दोन सेकंदांनी आवाज एकदा फुगतो आणि ओसरतो. पाठ्यपुस्तकात ह्यालाच विस्पंद म्हटलेले असते. जुळवणारा माणूस खुंटी आणि मणी हलवत हे विस्पंद सावकाश करत नेतो. पुस्तकात नाद-काट्यांच्या जोडीने शिकवलेला धडा आपल्या गावात पिढ्यान् पिढ्या कानांनी गिरवला जातो आहे.

ही वाद्ये बनतात ती मुख्यतः मिरजेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू ह्यांनी हे काम तेथे सुरू केले. घराणे शिकलगारांचे, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्यांचे. तलवारींचे दिवस सरत आले होते. वाद्यांसाठी लागणारे मोठे भोपळे पंढरपूरच्या परिसरातून येतात.

पुण्यातील एक शाळा

मिरजेला आणि पुण्याला जोडणारे एक मोठे नाव म्हणजे अब्दुल करीम खाँ. जन्म १८७२चा, उत्तर प्रदेशातील कैराना गावचा. ह्या गावावरूनच किराणा घराणे हे नाव पडले. बडोदे दरबार सोडून ते महाराष्ट्रात आले. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. पुढे मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली प्रवासात त्यांचा मृत्यू झाला आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांना दफन केले. तेथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते.

खाँसाहेबांच्या गाण्यात लयीच्या कसरतींपेक्षा स्वराला मान होता. एकेक स्वर तंबोऱ्यात विरघळेपर्यंत लावून धरायचा, हा त्यांचा बाणा. म्हणूनच सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स ह्यांना आपल्या श्रुतींच्या मोजमापासाठी खाँसाहेबांचा गळा हवा होता. देवलांचे पुस्तक १९१०चे, क्लेमंट्स ह्यांचे १९१३चे. बावीस श्रुतींना पक्के आकडे देता येतील अशी त्यांची श्रद्धा होती. १९६०नंतर यंत्रांनी घेतलेल्या मोजमापांत ती टिकली नाही. गायक स्वर लावताना आकड्यांना इतके बांधलेले नसतात. पण प्रत्यक्ष गायकासमोर बसून स्वर मोजण्याचा हा प्रयत्न आपल्या भागातील ध्वनिविज्ञानाच्या इतिहासात नोंदवण्याजोगा आहे.

खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व. त्यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात भीमसेन जोशींनी महोत्सव सुरू केला. दर डिसेंबरात हजारो पुणेकर शाली गुंडाळून त्याला बसत आले आहेत. एका स्वरावर पाच मिनिटे थांबलेल्या गायकाला दाद देणारा हा श्रोता आहे. मुलांचे 'काहीच न घडणारे' संगीत त्याला कंटाळवाणे वाटावे, हे जरा नवलच म्हणायचे.

पण ह्या घराण्यात मंद गतीचे टोक गाठले ते अब्दुल करीम खाँ ह्यांचे भाऊबंद अब्दुल वहीद खाँ ह्यांनी. त्यांना ऐकू कमी येई. त्यामुळे लोक त्यांना बहिरे वहीद खाँ म्हणत. अतिविलंबित लयीत एकेका स्वराची बढत करण्यासाठी ते प्रसिद्ध होते. त्यांच्याकडे तालीम घेणाऱ्यांत पुण्याच्या हिराबाई बडोदेकर होत्या. आणि दुसरे एक शिष्य होते प्राणनाथ. दोघांचा उस्ताद एकच. हिराबाईंचे गाणे महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले. प्राणनाथ मात्र भलत्याच दिशेला गेले.

ट्रान्सफॉर्मरचे गुणगुणणे

प्राणनाथ ह्यांचा जन्म १९१८ सालचा, लाहोरचा. गुरूंप्रमाणेच त्यांचा आलाप अत्यंत संथ असे. १९७० साली ते न्यूयॉर्कला गेले आणि १९७२ साली तेथे त्यांनी किराणा घराण्याच्या नावानेच संगीतकेंद्र काढले. त्यांना बोलावून घेणाऱ्यांत ला मॉण्ट यंग हा अमेरिकन संगीतकार प्रमुख होता. विजेच्या ट्रान्सफॉर्मरचे गुणगुणणे त्याला लहानपणापासून आवडायचे. पुढे त्याने आपल्या एका रचनेला ट्रान्सफॉर्मरचे नावही दिले. १९५५ साली अली अकबर खाँ ह्यांची एक दीर्घ ध्वनिमुद्रिका अमेरिकेत निघाली होती. तीत वाद्यांची ओळख करून देताना तंबोरा थोडा वेळ एकटाच वाजतो. यंग ते ऐकून थक्क झाला. १९५८ पासून तो मिनिटामिनिटांचे लांब स्वर असलेल्या रचना करू लागला. प्राणनाथ न्यूयॉर्कला आल्यावर यंग, त्याची पत्नी मरियन झझीला आणि टेरी रायली हे त्यांचे शिष्य झाले. गुरूमागे बसून तंबोरा छेडणे हा त्यांच्या शिक्षणाचा भाग होता. फितीवरचा आवाज काही क्षणांनी परत वाजवून थर चढवण्याची युक्ती रायलीने 'डिस्क्रीट म्युझिक'च्या बारा वर्षे आधीच वापरलेली होती.

इथून इनोपर्यंतचा रस्ता छोटा आहे. विद्यार्थीदशेत इनोने यंगची एक रचना स्वतः वाजवली होती. प्राणनाथांचाच आणखी एक शिष्य जॉन हॅसेल. गळ्यातली मींड ट्रम्पेटवर कशी उतरवावी हे तो त्यांच्याकडे शिकला. १९८० साली हॅसेल आणि इनो ह्यांनी मिळून 'फोर्थ वर्ल्ड' ही तबकडी काढली. म्हणजे बहिरे वहीद खाँ, प्राणनाथ, हॅसेल, इनो अशी नावानिशी साखळी दाखवता येते.

पण ह्यावरून 'अँबियंट संगीत मूळचे आपलेच' असा गजर करणे चुकीचे ठरेल. टेपरेकॉर्डर, सिंथेसायझर, सातीची कल्पना, पावसातला तो हार्प, ह्या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. यंगचे लांब स्वरही प्राणनाथांच्या भेटीच्या बारा वर्षे आधीचे. नदीला अनेक ओढे मिळतात. किराणा घराण्याचा ओढा त्यांतला एक आहे आणि तो खरा आहे, एवढेच आम्ही म्हणतो.

कोरेगाव पार्क आणि समुद्रकिनारा

दुसरा एक ओढा चक्क पुण्यातून निघाला. १९७४ साली कोरेगाव पार्कात आचार्य रजनीशांचा आश्रम सुरू झाला. तेथे आलेल्या परदेशी मंडळींत डॉइटर हा जर्मन संगीतकार होता. १९७१ साली त्याची पहिली तबकडी निघालेली होती. आश्रमात त्याचे नाव झाले चैतन्य हरी. तेथील ध्यानपद्धतींसाठी त्याने संगीत रचले. बासरी, गिटार, घंटा आणि विजेवरची वाद्ये त्यात असत. कुंडलिनी नावाची ध्यानपद्धत तासाभराची, पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार टप्प्यांची. टप्पा बदलला हे संगीताच्या बदलावरून कळे. घड्याळ पाहायला नको आणि कोणी सांगायलाही नको. म्हणजे हे संगीत ऐकण्यासाठी जितके होते तितकेच वेळ मोजण्यासाठीही. आध्यात्मिक दाव्यांबद्दल आम्हाला इथे काही म्हणायचे नाही. मात्र ह्या ध्वनिफिती जगभर गेल्या आणि पुढे 'न्यू एज' म्हणून ओळखल्या गेलेल्या शांत संगीतात त्यांना स्थान मिळाले. पेठांमध्ये किराण्याचे तंबोरे जुळत होते आणि तेथून काही किलोमीटरवर हे चालले होते. एकाच शहरातल्या ह्या दोन श्रोतृवर्गांचा एकमेकांशी फारसा संबंध आला नाही.

'चिलआउट' ह्या शब्दाची कथा लहान आहे. १९८९च्या सुमारास लंडनच्या एका नृत्यगृहात रात्रभर नाचून दमलेल्यांसाठी एक वेगळी खोली ठेवली जाई. तेथे अ‍ॅलेक्स पॅटरसन आणि त्याचे सोबती इनोसारख्यांच्या तबकड्या एकमेकींत मिसळून लावत. १९९० साली 'चिल आउट' नावाचीच एक तबकडी आली. गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्यावरही त्या काळात रात्रीच्या वेगवान नाचाला पहाटेच्या सावकाश संगीताची जोड असे.

पेटीतला तंबोरा

ह्या सगळ्यात पुणेकरांच्या घरात सर्वात आधी आणि सर्वात जास्त शिरलेले इलेक्ट्रॉनिक वाद्य कोणते? १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग ह्यांनी सिंथेसायझरवर दहा राग वाजवून तबकडी काढली खरी, पण ती फारशी कोणी ऐकली नाही. तिचे मोल २०१०च्या पुनर्प्रकाशनानंतर जगाला कळले. आमचे उत्तर वेगळे आहे: इलेक्ट्रॉनिक तंबोरा. बंगळूरचे अभियंते जी. राज नारायण ह्यांनी १९७९च्या सुमारास तो बाजारात आणला. काही वर्षांत तो गाण्याच्या क्लासांमध्ये आणि घराघरांत पोचला. आज तर तो मोबाइलमध्येच असतो. पहाटे ह्या पेटीचे बटण दाबून रियाजाला बसणारी आजी विजेवरचे आसमंत-संगीतच ऐकत असते, आणि तिच्या नातवाचे इयरफोनही तेच करतात.

ही सोय खरी आहे. खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला पाच फुटी तंबोरा कुठे ठेवायचा, हा प्रश्नच असतो. पण सोयीबरोबर काय जाते तेही पाहायला हवे. पेटीत साठवलेला आवाज प्रत्येक आवर्तनात तोच असतो. बोटाने छेडलेली तार दर वेळी किंचित निराळी वाजते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पेटी जुळवावी लागत नाही. पट्टी निवडली की झाले. विस्पंद ऐकत मणी सरकवण्याची ती दहा-पंधरा मिनिटे हाच कानाचा पहिला धडा होता आणि तो आता अनेकांच्या वाट्याला येत नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाचे संरक्षण होईल. जवारी लागली की नाही हे ओळखणारे कान मात्र मानांकनाने तयार होत नाहीत. ते घरात आणि वर्गातच तयार व्हावे लागतात.

दावे तपासून पाहू

मुलांच्या पडद्यावर ह्या संगीताबरोबर पुष्कळ दावेही येतात. अमुक हर्ट्झच्या स्वराने पेशी दुरुस्त होतात, तमुक संगीताने स्मरणशक्ती वाढते, वगैरे. १९९३ साली 'नेचर' ह्या नियतकालिकात ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा एक छोटा प्रयोग छापला गेला. मोझार्टची रचना दहा मिनिटे ऐकल्यावर आकृत्यांविषयीच्या एका चाचणीत त्यांचे गुण वाढले, आणि तेही दहा-पंधरा मिनिटांपुरते. वर्तमानपत्रांनी त्याचे 'मोझार्टमुळे बुद्धी वाढते' असे करून टाकले. पुढील अनेक प्रयोगांत हा परिणाम एक तर मिळाला नाही, किंवा जेवढा मिळाला त्याचे कारण एवढेच दिसले की आवडते काही ऐकल्यावर मन प्रसन्न आणि जागे होते. अँबियंट ऐकून गणिते सुटतात का, ह्याचे उत्तर विद्यार्थ्याने स्वतःवर प्रयोग करून शोधावे. आठ दिवस संगीत लावून, आठ दिवस न लावता, आणि नोंदी ठेवून.

करून पाहा

पहिला प्रयोग टाळ्यांचा. वर्गाचे तीन गट करा. सेकंदाला एक ह्या गतीने शिक्षकांनी अंक मोजावेत. पहिल्या गटाने दर चौथ्या, दुसऱ्याने दर पाचव्या, तिसऱ्याने दर सातव्या अंकाला टाळी द्यावी. तिन्ही टाळ्या एकदम केव्हा पडतील हे आधी फळ्यावर काढा. उत्तर १४०, म्हणजे दोन मिनिटे वीस सेकंद.

दुसरा, ट्रान्सफॉर्मरचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, पण ट्रान्सफॉर्मरचे गुणगुणणे त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झचे असते. कारण प्रत्येक आवर्तनात लोखंडी गाभा दोनदा ताणला जातो. कुंपणाबाहेर सुरक्षित अंतरावर उभे राहून ते ऐका आणि मोबाइलमधील तंबोऱ्याची पट्टी त्याच्याशी जुळते का ते पाहा.

तिसरा, ऐकण्याचा. दहा मिनिटे खरा तंबोरा आणि दहा मिनिटे 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स', दोन्ही लहान आवाजात, खिडकी उघडी ठेवून ऐका. कानावर पडले ते प्रत्येकाने लिहावे, रिक्षा आणि कावळा धरून. ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी 'डिस्क्रीट म्युझिक', रायलीचे 'अ रेनबो इन कर्व्ह्‌ड एअर' आणि हॅसेल-इनोचे 'फोर्थ वर्ल्ड' ऐकावे. त्याबरोबर अब्दुल करीम खाँ ह्यांच्या जुन्या तबकड्याही जरूर ऐकाव्यात. पण एक लक्षात असू द्या. त्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. ज्याची ख्याती स्वरावर थांबण्याची, त्याला थांबायला यंत्राने जागाच दिली नव्हती. कोणते संगीत आपल्यापर्यंत पोचते हे संगीतकाराइतकेच यंत्रही ठरवते.

पुढच्या बैठकीला त्या सरांनी सांगितले की टाळ्यांचा प्रयोग त्यांनी वर्गात केला. पहिल्या खेपेस नव्वदच्या आसपास सातच्या गटाचा घोळ झाला. तिसऱ्या खेपेस १४० गाठले आणि वर्गात आरडाओरडा झाला. मग बाईंनी आपला जुना तंबोरा शाळेत नेला. मोबाइलवरचा तो तुकडा ज्या मुलाने दिला होता, तो वीस मिनिटे जोडाच्या तारांशी झटत बसला होता. विस्पंद थांबल्यावर त्याने विचारले, "बाई, ह्यात आणखी एक बारीक स्वर येतोय तो कुठून?" बाईंनी उत्तर सांगितले नाही. सरांनी त्याला खडू दिला आणि ७०चे पटीत आकडे मांडायला सांगितले.